‘ळ’ची कुळकथा



मराठी वर्णमालेचा तक्ता आपण सर्वांनी पाहिला आहे. ‘क’पासून निघालो की पाच-पाच अक्षरांचे वर्ग शिस्तीने बसलेले दिसतात. कंठातील अक्षरे एका रांगेत, टाळूची दुसऱ्या रांगेत, मूर्धेची तिसऱ्या रांगेत. मग य, र, ल, व येतात, श, ष, स येतात आणि ‘ह’पाशी रांग संपते. ती संपल्यानंतर, शाळा भरल्यावर उशिरा आलेल्या विद्यार्थ्यासारखे एक अक्षर दाराशी उभे असते. ते म्हणजे ‘ळ’. त्याच्या मागे क्ष आणि ज्ञ ही दोन जोडाक्षरे येतात आणि तक्ता पुरा होतो.

हे अक्षर आणखी एका बाबतीत वेगळे आहे. ‘ळ’ने सुरू होणारा शब्द मराठीत नाही. म्हणून इतर अक्षरांना त्यांच्यापासून सुरू होणाऱ्या शब्दाचे चित्र मिळते आणि ‘ळ’ला मात्र ‘बाळ’ शब्दाच्या शेवटी बसवून दाखवावे लागते. परंतु गंमत अशी की, तक्त्यातील पहिलेच चित्र पुष्कळदा ‘क कमळाचा’ असे असते. म्हणजे जे अक्षर शिकवायला आपण सर्वांत शेवटी घेतो, ते मुलाच्या कानावर पहिल्याच दिवशी पडलेले असते.

आपल्या तालुक्यापुरते बोलायचे तर ‘ळ’वाचून एक पाऊलही पुढे टाकता येत नाही. खंडाळा, शिरवळ, पळशी, भोळी ही आपली गावे. ज्या संस्थेसाठी आपण सर्व धडपडतो ती ‘शाळा’. मास्तर लिहितात तो ‘फळा’ आणि घंटा होते ती ‘वेळ’. तरीही आपल्या समाजातील पुष्कळ मुलांच्या वह्यांत ‘शाला’, ‘फला’, ‘तो पलाला’ असे लिहिलेले आढळते. घरात दखनी किंवा उर्दू बोलली जाते आणि त्या भाषांत हा वर्ण नाही, हे त्याचे कारण. वर्गातील इतर मुले हसतात. हसण्याला भिऊन मूल हात वर करीत नाही, आणि हात वर न करणारे मूल हळूहळू मागच्या बाकावर जाते. एवढ्याशा अक्षराने एवढे होऊ शकते, म्हणून या अक्षराची कुळकथा आपण समजून घ्यावी असे मला वाटते.

अक्षर किती जुने?

‘ळ’ हे गावंढळ किंवा अलीकडचे अक्षर आहे असा काहींचा समज असतो. वस्तुस्थिती उलट आहे. ऋग्वेदाच्या पहिल्याच सूक्ताच्या पहिल्याच ओळीत हा वर्ण येतो. तेथे दोन स्वरांच्या मध्ये सापडलेल्या ‘ड’चा उच्चार ‘ळ’ असा केला जातो. पुढे जी संस्कृत भाषा पाणिनीच्या व्याकरणाने बांधली गेली, तिच्या वर्णांच्या यादीत मात्र ‘ळ’ला जागा मिळाली नाही. शास्त्रीय संस्कृत ग्रंथांत म्हणूनच तो दिसत नाही, आणि वर्णमालेत त्याला ‘ह’च्या पलीकडे उभे राहावे लागते याचे कारणही हेच.

पंडितांनी दार लावले तरी लोकांच्या तोंडून तो गेला नाही. पाली भाषेत तो होता. आपल्या महाराष्ट्रात नाशिकच्या पांडवलेण्यांत सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र पुळुमावी याच्या कारकिर्दीच्या १९ व्या वर्षाचा शिलालेख आहे. तो इसवी सनाच्या दुसऱ्या शतकातील. त्या लेखात राजाच्या नावातच हा वर्ण कोरलेला आहे. म्हणजे आज आपली मुले वहीत जो ‘ळ’ गिरवतात, त्याचा पूर्वज ब्राह्मी लिपीत याच सह्याद्रीच्या दगडावर सुमारे अठराशे वर्षांपूर्वी उमटला होता. केंद्र सरकारने ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला, त्या प्राचीनतेचा हाही एक साक्षीदार म्हणावा लागेल.

भारताच्या नकाशावर या वर्णाचा प्रदेश पाहिला तर तोही मोठा आहे. मराठी, कोकणी, गुजराती, राजस्थानी, हरियाणवी, पंजाबी आणि ओडिया या भाषांत तो आहे. दक्षिणेकडील कन्नड, तेलुगू, तमिळ आणि मल्याळम या चारही मोठ्या भाषांत तो आहे. सांगली जिल्ह्यातील जत तालुक्यातील कन्नड बोलणारा शेतकरी आणि खंडाळ्याचा मराठी बोलणारा शेतकरी यांची भाषा वेगळी असली तरी ‘बेळगाव’मधला ‘ळ’ दोघांच्याही जिभेवर सारखाच बसतो. प्रमाण हिंदी, बंगाली आणि उर्दू यांत मात्र तो नाही. म्हणून हिंदीत टिळकांचे ‘तिलक’ होतात, होळकरांचे ‘होल्कर’ होतात, जळगावचे ‘जलगांव’ होते आणि आपल्या खंडाळ्याचे ‘खंडाला’ होते.

‘काल’ आणि ‘काळ’

आता कोणी म्हणेल, ‘ल’ म्हटले काय आणि ‘ळ’ म्हटले काय, अर्थ समजला म्हणजे झाले. पण तसे होत नाही. पुढील जोड्या पाहा. काल म्हणजे आजच्या आधीचा दिवस, काळ म्हणजे समय. वेल मांडवावर चढतो, वेळ घड्याळात पाहतात. मूल म्हणजे लेकरू, मूळ म्हणजे झाडाचे जमिनीतील अंग. गाल चेहऱ्यावर असतो, गाळ विहिरीच्या तळाशी असतो. चाल म्हणजे चालण्याची रीत, चाळ म्हणजे एका ओळीतील खोल्यांची इमारत, आणि नाचताना पायांत बांधायचे घुंगरूही. कल म्हणजे ओढा, कळ म्हणजे वेदना किंवा यंत्राचा खटका. एक अक्षर बदलले की शब्द बदलतो, आणि शब्द बदलला की वाक्याचा अर्थ फिरतो.

या जोड्या अशाच योगायोगाने झाल्या आहेत काय? नाही. त्यांच्या मागे एक नियम आहे. फ्रेंच पंडित ज्यूल ब्लॉक यांनी मराठी भाषेच्या जडणघडणीवर एक मोठा ग्रंथ लिहिला. तो १९२० मध्ये पॅरिसला प्रसिद्ध झाला आणि पुढे मराठीतही आला. अशा अभ्यासातून जो नियम स्पष्ट झाला तो थोडक्यात असा : संस्कृत शब्दात दोन स्वरांच्या मध्ये एकटा ‘ल’ असेल तर मराठीत त्याचा ‘ळ’ झाला. परंतु प्राकृतात जेथे ‘ल्ल’ असा जोड होता, तेथे तो मराठीत ‘ल’च राहिला. संस्कृत ‘काल’ शब्दात ‘ल’ एकटा, म्हणून त्याचा झाला ‘काळ’. संस्कृत ‘कल्य’चे प्राकृतात ‘कल्ल’ झाले, म्हणून त्याचा झाला ‘काल’. ‘वेला’ची ‘वेळ’ झाली आणि ‘वल्ली’चा ‘वेल’ झाला. ‘फल’चे ‘फळ’ झाले. ‘तैल’चे मात्र आधी ‘तेल्ल’ झाले आणि मग ‘तेल’. ‘शाला’ शब्दाची ‘शाळा’ झाली तीही याच वाटेने.

विद्यार्थी मित्रांनो, याचा अर्थ असा की, जी दोन अक्षरे तुम्हांला जवळजवळ सारखी वाटतात, त्यांत दीड-दोन हजार वर्षांचा इतिहास साठवलेला आहे. ‘ळ’ दिसला की समजावे, हा शब्द पिढ्यानपिढ्या सामान्य माणसाच्या तोंडातून घासून-पुसून आला आहे. आणि तोच शब्द ‘ल’ने दिसला तर पुष्कळदा तो पंडितांच्या पोथीतून नंतर पुन्हा घेतलेला असतो. म्हणून आपल्याकडे एकाच शब्दाची दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात : कमल आणि कमळ, निर्मल आणि निर्मळ, बाल आणि बाळ, बल आणि बळ. काही ठिकाणी तर या दोन रूपांनी कामेही वाटून घेतली आहेत. कार्य असते ते ‘मंगल’, आणि आकाशातील ग्रह व आठवड्याचा वार असतो तो ‘मंगळ’.

दोन प्रवाह, एक भाषा

येथपर्यंत झाली संस्कृत-प्राकृताकडून आलेल्या शब्दांची गोष्ट. परंतु मराठीत आणखी एक मोठा प्रवाह येऊन मिळाला आहे. तो म्हणजे अरबी-फारसी शब्दांचा. आपला हा मुलूख आधी बहामनी आणि मग आदिलशाही अमलाखाली होता. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने, ज्याची कारकीर्द १५३४ ते १५५८ अशी होती, सरकारी हिशेब फारसीऐवजी देशी भाषेत ठेवण्याची पद्धत पाडली, असे फिरिश्ता हा इतिहासकार सांगतो. दरबारची भाषा आणि गावची भाषा अशा रीतीने एकाच दप्तरात येऊन बसल्या. साल, माल, दाखला, वकील, दलाल, अव्वल, सवाल, हवाला, अंमल, तहसील हे शब्द आज कोणालाही परके वाटत नाहीत.

आता एक गोष्ट ध्यानात घ्या. या शब्दांतील ‘ल’ मराठीने तसाच ठेवला. फारसी लिपीत ‘ळ’साठी अक्षर नाही, तेथे सर्वत्र ‘लाम’च येतो. आणि हे शब्द मराठीत आले तोवर ‘ल’चा ‘ळ’ होण्याचा जुना काळ संपलेला होता. त्यामुळे एक सुंदर परिणाम झाला. अरबी-फारसी शब्द आणि संस्कृत-प्राकृतातून आलेला देशी शब्द हे ऐकायला जवळजवळ सारखे असूनही एकमेकांत मिसळून गेले नाहीत. ‘माल’ हा अरबी, ‘माळ’ ही संस्कृत ‘माला’ शब्दाची लेक. ‘साल’ म्हणजे वर्ष, हा शब्द फारसी. ‘साळ’ म्हणजे टरफलासकट तांदूळ, संस्कृत ‘शालि’पासून आलेली. ‘लाल’ रंग फारसीतून आला, ‘लाळ’ मात्र देशी. घोड्याच्या पायाला ठोकतात तो ‘नाल’ अरबी, आणि बाळाला आईशी जोडते ती ‘नाळ’ देशी.

यांपैकी एक जोडी तर आपल्या घरातील कागदपत्रांशी संबंधित आहे. ‘कुल’ हा अरबी शब्द, त्याचा अर्थ सर्व, एकंदर. त्यावरून ‘कुलमुखत्यारपत्र’ झाले. ‘कूळ’ हा संस्कृत ‘कुल’ म्हणजे घराणे या शब्दापासून आलेला. त्याचा दुसरा अर्थ, दुसऱ्याची जमीन कसणारा शेतकरी. मुंबई कुळवहिवाट व शेतजमीन अधिनियम १९४८ मध्ये झाला आणि पुढे १ एप्रिल १९५७ या कृषक दिनापासून जमीन कसणारी असंख्य कुळे मालक ठरली. ‘कुल’ आणि ‘कूळ’ यांतील फरक ज्याला वाचता येत नाही, त्याने कोणत्याही कागदावर अंगठा किंवा सही करण्यापूर्वी दहा वेळा विचार करावा. एकात सर्व अधिकार दुसऱ्याला दिले जातात, दुसऱ्यात स्वतःचा हक्क सांगितला जातो.

हे दोन प्रवाह नुसते शेजारी राहिले असेही नाही. ते एकत्रही आले. ‘वेळवखत’ या शब्दात देशी ‘वेळ’ आणि अरबी ‘वक्त’ हातात हात घालून चालतात. ‘बळजबरी’त देशी ‘बळ’ आणि अरबी ‘जबर’ आहे. अर्थ चांगला नाही, पण जोडी पक्की आहे. बाहेरून आलेल्या शब्दाला ‘ळ’ कधीच लागत नाही असेही समजू नये. पोर्तुगीजांकडून आलेल्या ‘हॉस्पिताल’ या शब्दाचे मराठी माणसाने ‘इस्पितळ’ केले.

‘ळ’ काय काय काम करतो?

या अक्षराचे कामही पुष्कळ आहे. माणसाचा स्वभाव सांगायचा तर मराठी ‘ळू’ची मदत घेते : मायाळू, दयाळू, लाजाळू, झोपाळू. वस्तूचा किंवा जागेचा गुण सांगायचा तर ‘आळ’ येते : रसाळ, मधाळ, केसाळ, खडकाळ, डोंगराळ. रंग पाहिले तर काळा, निळा, पिवळा आणि सावळा यांत ‘ळ’ आहे. देवकुलाचे ‘देऊळ’ झाले, राजकुलाचे ‘राऊळ’ झाले, म्हणजे इमारतीही त्याने बांधल्या.

आपला तालुका शेतीचा, आणि पाऊस कमी पडणारा. शेतकऱ्याच्या तोंडचे शब्द पाहा : मळा, माळ, काळी जमीन, नांगराचा फाळ, कुळव, कोळपणी, खळे, मळणी. पिकांत तीळ आहे, डाळ आहे, आणि उसाचा गूळ आहे. आणि पाऊस फिरकला नाही तर ‘दुष्काळ’ आहे. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला त्या वडीलधाऱ्यांना विचारा, त्या एका शब्दात किती दिवसांची भूक सामावली आहे.

मनातील भावना सांगतानाही ‘ळ’ पुढे येतो. कळकळ, तळमळ, हळहळ, कळवळा, जिव्हाळा. ज्या शब्दांनी माणूस माणसाजवळ येतो, त्यांत हे अक्षर भरलेले आहे. पाण्याची खळखळ, पानांची सळसळ, झऱ्याची झुळझुळ हे आवाजही त्याचेच. नुसत्या हालचालीचा असाच एक शब्द म्हणजे ‘चळवळ’. तो वाढत वाढत समाज हलवणाऱ्या कार्याचे नाव झाला. सत्यशोधक चळवळ म्हणतो तेव्हा आपण तोच शब्द वापरतो.

आणि ती चळवळ ज्यांच्या नावाशी जोडलेली आहे, त्या जोतीरावांच्या सहधर्मचारिणी सावित्रीबाई फुले यांचा जन्म ३ जानेवारी १८३१ रोजी आपल्याच खंडाळा तालुक्यातील नायगावी झाला. १८४८ मध्ये पुण्याच्या भिडे वाड्यात मुलींची शाळा सुरू झाली, आणि नायगावच्या लेकीने तेथे मुलींच्या हाती पाटी दिली. माहेरी आजारी असताना १८५६ मध्ये सावित्रीबाईंनी जोतीरावांना जे पत्र लिहिले, त्यात फातिमा हिची आठवण काढली आहे. फातिमा शेख या शिक्षणकार्यातील त्यांच्या सहकारी म्हणून ओळखल्या जातात. ‘शाळा’ या शब्दावर आपल्या तालुक्याचा आणि आपल्या समाजाचा दोघांचाही हक्क आहे, हे सांगायला याहून वेगळा पुरावा नको.

चूक कोणाची?

आता मुलांच्या उच्चाराकडे वळू. घरात दखनी बोलल्यामुळे मुलाला ‘ळ’ येत नाही, तेव्हा घरची भाषा सोडून द्यावी, असा उपदेश कधी कधी ऐकू येतो. तो मला मान्य नाही. दखनी ही हीन भाषा नव्हे. विजापूरचा दुसरा इब्राहिम आदिलशहा याने ‘किताब-ए-नौरस’ हा गीतसंग्रह याच भाषेत रचला. दखनीने मराठीकडून पुष्कळ घेतलेही आहे. आपल्या आया-बहिणी ‘नक्को’ म्हणतात तो मराठी ‘नको’, आणि शब्दावर जोर देण्यासाठी शेवटी जो ‘च’ लावतात तोही मराठीचाच. ज्या भाषेने मराठीचा ‘च’ घेतला, ती बोलणाऱ्याला मराठीचा ‘ळ’ जड जाण्याचे कारण नाही.

शिवाय ‘ळ’चा उच्चार सर्व मराठी माणसे एकसारखा करतात असेही नाही. वऱ्हाडात आणि खानदेशात बोलताना ‘ळ’चा ‘य’ होतो, ‘काळा’ न म्हणता ‘काया’ म्हणतात. उत्तर कोकणातील आगरी-कोळी बोलीत ‘ळ’चा ‘ल’ होतो. त्या लोकांना कोणी परके मानत नाही. मग आपल्या मुलाने ‘शाला’ म्हटले तर हसण्याचे काय कारण? बोलीत फरक असणारच. मात्र लिहिण्याची आणि वाचण्याची मराठी सर्वांना एकच आहे, आणि तेथे वऱ्हाडचे मूलही ‘ळ’ शिकते, कोकणचेही शिकते. आपल्या मुलांनीही शिकावे. बोलीची लाज नको आणि शिकण्याचा कंटाळाही नको.

आपल्या आधी पुष्कळांनी हे करून दाखवले आहे. श्रीगोंद्याचे संतकवी शेख महंमद यांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ हा ग्रंथ मराठी ओव्यांत लिहिला. शाहीर अमर शेख यांचा आवाज संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गावोगाव घुमला. संतसाहित्याचे अभ्यासक डॉ. यू. म. पठाण हे १९९० मध्ये पुण्यात भरलेल्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष होते. मराठी कोणा एका समाजाची नाही. जो ती मेहनतीने शिकतो त्याची ती आहे.

‘ळ’ कसा शिकवावा?

पालकहो, येथे थोडे शिक्षकी बोलतो. ‘ल’ म्हणताना जिभेचे टोक वरच्या दातांच्या मागे लागते. ‘ळ’ म्हणताना ते मागे वळवून टाळूच्या कठीण भागाला, म्हणजे मूर्धेला, लावावे लागते. ट, ठ, ड, ढ, ण यांची जागा तीच. उर्दूत टे, डाल आणि ड़े ही अक्षरे आहेतच. ‘लड़का’ म्हणताना मुलाची जीभ नेमकी तेथे जाते. म्हणून मुलाला आधी ‘ड़’ म्हणायला लावावे, जीभ त्याच जागी ठेवून हवा दोन्ही बाजूंनी सोडायला सांगावे, की ‘ळ’ येतो. दोन-चार दिवसांत जमते.

जी मुले मक्तबात कुराणशरीफ शिकतात त्यांना तर हे अधिकच सोपे जावे. प्रत्येक हर्फाचा मखरज, म्हणजे उच्चाराची जागा, तेथे काटेकोरपणे शिकवतात. ‘बिस्मिल्लाह’मधील लाम बारीक आणि ‘अल्लाहु अकबर’मधील लाम जाड, हा भेद सात-आठ वर्षांचे मूल बिनचूक करते. तो जाड लाम म्हणजे ‘ळ’ नव्हे, हे खरे. परंतु ज्या कानाला दोन लाम ओळखता येतात, त्याला ‘ल’ आणि ‘ळ’ ओळखता येणार नाहीत असे कसे म्हणावे?

लिपीचीही अडचण सांगितली जाते. उर्दूत लिहिताना ‘खंडाळा’ला लामच वापरावा लागतो, हे खरे आहे. पण पाहा, टे, डाल आणि ड़े ही अक्षरे तरी अरबीत कोठे होती? हिंदुस्थानी उच्चारांसाठी जुन्या अक्षरांवर लहानशी ‘तोय’ काढून ती तयार करण्यात आली. पंजाबी भाषेत ‘ळ’ आहे आणि पाकिस्तानात ती याच लिपीत लिहितात. तेथील लोकांनी लामवर तशीच लहान तोय काढून ‘ळ’ लिहिण्याचा मार्ग काढला, आणि २०२० मध्ये संगणकाच्या जागतिक लिपीसंचातही त्या अक्षराचा समावेश झाला. गुरुमुखीत ‘ल’च्या खाली टिंब देऊन हेच साधले आहे. गरज वाटली की लिपी वाट काढते.

घरी करण्यासारखी एक सोपी गोष्ट सांगतो. वर दिलेल्या जोड्या एका कागदावर लिहून स्वयंपाकघरात लावा. काल-काळ, वेल-वेळ, माल-माळ, गाल-गाळ. रोज पाच जोड्या मुलाने मोठ्याने म्हणाव्यात आणि एका जोडीची दोन वाक्ये करावीत. मग ‘कळले’, ‘मिळाला’, ‘पळाला’ असे शब्द घ्यावेत, कारण त्यांत ‘ळ’ आणि ‘ल’ दोन्ही एकापाठोपाठ येतात. आई-वडिलांनीही बरोबर म्हणावे. मुलाबरोबर शिकण्यात कमीपणा नाही.

२०२० च्या कायद्याने महाराष्ट्रातील सर्व शाळांत, माध्यम कोणतेही असो, पहिली ते दहावी मराठी शिकणे सक्तीचे झाले आहे. परंतु मी कायद्यासाठी किंवा गुणांसाठी हे सांगत नाही. आज बहुतेक अर्ज इंग्रजी अक्षरांत भरले जातात, आणि इंग्रजी लिपीत ‘काळे’ आणि ‘काले’, ‘माळी’ आणि ‘माली’ एकच होतात. मग यंत्र त्यांचे पुन्हा देवनागरी करते आणि आडनाव किंवा गाव बदलून जाते. मोबाइलवर मराठी लिहितानाही हेच होते. अशा वेळी चूक पकडणारा डोळा घरात कोणाचा तरी असावा लागतो. दाखल्यावर, सातबारावर, शाळा सोडल्याच्या प्रमाणपत्रावर आपले नाव आणि गाव जसे आहे तसे लिहिले आहे की नाही, हे ज्याला वाचता येते, त्याला हेलपाटे कमी पडतात.

म्हणून विद्यार्थी मित्रांनो, वर्णमालेच्या दाराशी उभ्या असलेल्या या अक्षराला आत बोलवा. ते उशिरा आलेले नाही, ते फार जुने आहे आणि मोठ्या कुळातले आहे. जिभेला थोडे वळण लावा. वळण लागले की शाळा, फळा, वेळ आणि फळ हे चारही शब्द तुमचे होतील. पुढच्या वर्षी या स्मरणिकेत लेख लिहिण्याची पाळी तुमच्यापैकी एखाद्याची यावी, आणि त्यात ‘खंडाळा’ हा शब्द त्याने न अडखळता लिहावा, एवढीच अपेक्षा.